मरणमास्तरांचे अडतीस सेकंद

माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा तेज आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. एकतीस वर्षं मी सिनेमांचं संकलन करतेय. म्हणजे दिग्दर्शकाने जीव तोडून जे चित्रित केलेलं असतं, त्यातलं नको ते काढून टाकतेय, आणि हे काम गोड बोलून होत नाही. माझ्या खुर्चीमागे उभं राहून मोठमोठ्या माणसांनी सुस्कारे टाकलेत, हातापाया पडलेत. मी कुणासाठी एक सेकंदसुद्धा जास्त ठेवला नाही. म्हणून ही गोष्ट सांगताना मला जरा लाज वाटते. कारण यात मी एका म्हाताऱ्याच्या सतरा सेकंदांसाठी महिनाभर जिवाचं रान केलंय.

तो म्हातारा म्हणजे मरणमास्तर. स्टुडिओत त्यांना सगळे याच नावाने हाक मारतात आणि तेही 'ओ' देतात. सहासष्ट वर्षांचे, उंच, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा. त्यांचा धंदा मरण्याचा. लढाईत पडलेला सैनिक, जिन्यावरून गडगडणारा नोकर, टेबलाखाली सापडलेलं प्रेत, असे ब्याऐंशी सिनेमांत ते मेले होते. ब्याऐंशीच्या ब्याऐंशी वेळा पालथे.

पालथं मरायचं कारण आहे. मरणाऱ्याचा चेहरा दिसला की तो लोकांच्या लक्षात राहतो, आणि मग पुढच्या सिनेमात त्याला पुन्हा मारता येत नाही. 'अरे, हा तर मागच्या महिन्यात मेला होता!' असं कुणी थिएटरात ओरडलं की संपलं. त्यामुळे या धंद्यातल्या माणसाने तोंड लपवायचं, हा नियमच आहे. चेहरा दाखवला म्हणजे निवृत्ती.

मास्तरांनी निवृत्त व्हायचं ठरवलं आणि त्र्याऐंशीव्या सिनेमात त्यांना चेहरा मिळाला. सिनेमा मुलांचा होता. समुद्राकाठी एक दीपगृह, त्याचा म्हातारा रखवालदार, दोन भावंडं आणि चोरटा माल आणणारी बोट. चोर रखवालदाराला जिन्यावरून ढकलून देतात. तो पडतो, उताणा होतो, कॅमेरा त्याच्या तोंडावर जातो आणि तो पोरांना म्हणतो, "दिवा विझू देऊ नका." मग मरतो. अख्खं दृश्य अडतीस सेकंदांचं. एवढ्या वर्षांत मास्तरांच्या वाट्याला आलेलं पहिलं वाक्य ते. चार शब्दांचं.

आमच्याकडे सिनेमा थिएटरात जायच्या आधी मंडळाकडे जातो. तिथे त्याच्यावर तीनपैकी एक शिक्का बसतो: सर्वांसाठी, बारा वर्षांवरील, नाहीतर अठरा वर्षांवरील. आमच्या निर्मात्यांना मी मनातल्या मनात घाईसाहेब म्हणते, कारण त्यांना सगळं कालच हवं असतं. त्यांनी 'सर्वांसाठी' गृहीत धरून पोस्टरंसुद्धा छापायला टाकली होती. आणि पत्र आलं, 'बारा वर्षांवरील'. खाली कारण होतं: 'एक तास अकराव्या मिनिटाला मृत्यूचे दीर्घ आणि वास्तव चित्रण. दृश्य सहा सेकंदांपर्यंत कमी केल्यास फेरविचार होऊ शकेल.'

"मग करा ना सहा!" घाईसाहेब फोनवर म्हणाले. "मॅडम, तो पडतो, पोरं रडतात, संपलं. पाठमोरा शॉट आहे की आपल्याकडे."

"आहे," मी म्हटलं.

"वाक्य पोराच्या तोंडी घाला. उद्या सकाळपर्यंत."

मी हो म्हटलं. खरं सांगते, मला त्यात काही वाटलं नाही. असे शेकडो अडतीस सेकंद मी कचऱ्यात घातलेत. मी कामाला बसणार एवढ्यात दारावर टकटक झाली आणि मास्तर आत आले. सोबत त्यांची नात, ठकी. वय नऊ. दोन वेण्या, एक दात पडलेला आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"बाई, दोनच मिनिटं," मास्तर म्हणाले. "हिला जरा दाखवता का? हिच्या वर्गातली मुलं विश्वास ठेवत नाहीत."

"मुलं म्हणतात, तुझे आजोबा म्हणजे नुसती पाठ," ठकीने मला समजावून सांगितलं. "मावशी, मी त्यांना तीन सिनेमे दाखवले. म्हटलं, ही पाठ आजोबांची, ते बूट आजोबांचे. ती म्हणतात, बूट कुणाचेही असतात."

"बरोबरच आहे त्यांचं," मी म्हटलं.

"म्हणून तर आमच्या बाई सगळ्या वर्गाला घेऊन येणार आहेत हा सिनेमा बघायला. शाळेच्या वेळात! एक्केचाळीस जण!"

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांना पत्राचं काहीच माहीत नव्हतं. नटांना, त्यातून मरणाऱ्या नटांना, कोण कळवतंय? ते कोपऱ्यातल्या स्टुलावर हात मांडीत घेऊन बसले होते, पहिल्यांदाच फोटो काढायला आल्यासारखे. बाराचा शिक्का बसला तर ठकीचा वर्ग दारातूनच परत जाणार. सहा सेकंद केले तर वर्ग आत जाणार आणि पुन्हा पाठच बघणार. मंडळाच्या त्या कागदावर म्हाताऱ्याचा चेहरा आणि नातीचं तिकीट यांपैकी एकच काहीतरी शिल्लक राहत होतं.

"मशीन बिघडलंय," मी धडधडीत खोटं बोलले. "पुढच्या आठवड्यात या."

ठकीने पडद्यावर थांबलेल्या चित्राकडे बोट दाखवलं. मशीन नीट चालू होतं हे तिला कळलं होतं, पण ती काही बोलली नाही. जाता जाता तिने आजोबांना विचारलं, "खरंच मरताना असंच पडतात का हो?"

"मोठी झालीस की सांगेन," मास्तर म्हणाले.

"आजीपण अशीच पडली?"

"आजी झोपेत गेली. किती वेळा सांगितलं तुला? चल आता."

दार लागलं. मी घाईसाहेबांना फोन लावला आणि सांगितलं की एकदा, फक्त एकदा, माझ्या पद्धतीने करू द्या. मंडळाकडे तीनदा जाता येतं. एकदा झालं होतं, दोन संधी उरल्या होत्या. ते खूप कुरकुरले, पण माझ्याशी भांडून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही हे त्यांना ठाऊक आहे.

माझं गणित असं होतं. लोक घाबरतात ते चित्राने नाही, आवाजाने. त्या दृश्यावर आम्ही व्हायोलिनं लावली होती, वारा घोंगावत होता, लाटा आपटत होत्या, जिना करकरत होता. मी सगळं काढून टाकलं. संगीत गेलं, वारा गेला, लाटा गेल्या. राहिला फक्त मास्तरांचा चेहरा, त्यांचं वाक्य आणि चित्रीकरणाच्या वेळी माइकने टिपलेला त्यांचा श्वास. दृश्य एकदम शांत झालं. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या दिवशी चहावाल्याशीसुद्धा प्रेमाने बोलले.

मंडळाचं काम कसं चालतं ते सांगते. एक छोटं थिएटर, वीसेक खुर्च्या. त्यात पाच माणसं लांब लांब बसतात. ती सिनेमातली माणसं नसतात. एक निवृत्त न्यायाधीश, ते अध्यक्ष. एक शिक्षक, एक लायब्ररीयन, एक तीन मुलांची आई आणि एक मुलांच्या रुग्णालयातली नर्स. प्रत्येकाच्या मांडीवर वही आणि पेनाएवढी बॅटरी. काही खटकलं की बॅटरी लावायची, वेळ लिहायची, बॅटरी बंद. एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. सिनेमा संपला की चिठ्ठ्या अध्यक्षांकडे द्यायच्या आणि मग काय ते बोलायचं. आम्ही आपले बाहेर बाकावर, डॉक्टरने आत काय लिहिलंय याची वाट बघत बसावं तसे.

दाराला काचेची फट होती. एक तास अकरा मिनिटं झाली तेव्हा मी फटीला डोळा लावला. एक बॅटरी लागली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी. पाचवी लागली नाही, म्हणून मला जरा बरं वाटलं. नंतर कळलं की पाचवीने बॅटरी लावली नाही, कारण ती रडत होती. ती नर्स होती.

मला आत बोलावलं. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"बाई, तुम्ही हे दृश्य सौम्य करून आणणार होतात ना?"

"आणलंय की! व्हायोलिन काढलं, वारा काढला..."

"दोन सदस्यांचं म्हणणं आहे की आता याला अठराचा शिक्का द्यावा."

माझं डोकंच फिरलं. "अठरा? अहो, रक्ताचा एक थेंब नाही! शिवी नाही, सुरी नाही. एक म्हातारा नीट झोपून मरतोय, त्यात अठरा कशासाठी?"

तेव्हा नर्स बोलली. चाळिशीची असेल, केस घट्ट बांधलेले, आवाज हळू. "व्हायोलिन होतं तेव्हा तो सिनेमा होता हो. ते काढलंत आणि एक माणूस उरला." तिने मांडीवरची वही मिटली. "श्वास येतो, मग थांबतो. आपल्याला वाटतं संपलं, मग परत येतो. शेवटी तर इतका वेळ थांबतो की आपणच श्वास धरून बसतो. हे कुणी ऐकून लिहिलेलं नाही. त्या नटाला विचारा, हे कुठून शिकले."

एकतीस वर्षांत मी चूक केली तीही अशी, फक्त संकलकच करू शकेल अशी. भीती वाटू नये म्हणून मी सगळं काढत गेले आणि नेमकं जे काढायला हवं होतं तेवढंच मागे ठेवलं.

"मुलांना मरण दाखवू नका असं मी म्हणत नाही," नर्स म्हणाली. "माझ्या वॉर्डातली मुलं माझ्यापेक्षा जास्त धीट आहेत. पण ती लगेच विचारतात, मग पुढे काय? आणि तुमच्या सिनेमात त्याला जिन्यावर टाकून सगळे दिवा लावायला पळतात. त्याच्याकडे परत कुणी येतच नाही."

अध्यक्षांनी शिक्का बाराचाच ठेवला आणि शेवटची एक संधी आहे याची आठवण करून दिली. तिसऱ्यांदा जे ठरेल ते कायम. गाडीत बसल्यावर घाईसाहेब एवढंच म्हणाले, "सहा सेकंद. पाठमोरा." या वेळी मीही वाद घातला नाही.

पण मास्तरांना सांगायला हवं होतं. मी त्यांना बोलावून घेतलं आणि सरळ सगळं सांगून टाकलं. पत्र, बारा, सहा, अठरा, बॅटऱ्या, सगळं. त्यांनी खिशातला कंगवा काढला, केसांवरून फिरवला आणि परत खिशात ठेवला.

"म्हणजे फार चांगलं मेलो म्हणायचं," ते म्हणाले.

"चांगलं म्हणजे! अतीच."

"मग असं करू या का? सेट मोडला असेल, पण आवाज तर परत भरता येईल. मी वाईट मरतो."

मला हसू आलं, पण कल्पना वाईट नव्हती. श्वास बदलला तर चेहराही खोटा वाटेल. त्यांना माइकसमोर उभं केलं, पडद्यावर दृश्य लावलं आणि म्हटलं, हं, मरा कसंही. त्यांनी घसा खाकरला आणि सुरू केलं, "आ... आई गं... मेलो रे... मेलो..." शेवटी एक उचकी. एखाद्या गॅदरिंगमधला राजा विष पितो ना, हुबेहूब तसं. मी टेबलावर डोकं ठेवून हसले. मग वर पाहिलं तर मास्तर स्वतः हसत नव्हते.

"नाही हो जमत," ते म्हणाले. "सवय नाही मला वाईट मरायची. परत करू?"

तीनदा केलं. तिन्ही वेळा आदल्यापेक्षा वाईट. आणि समोर पडद्यावर त्यांचा तो खरा चेहरा, त्याच्यावर तो खोटा आवाज. मला बघवेना. मी माइक बंद केला. "मास्तर, त्या नर्सने एक विचारायला सांगितलंय. हे श्वास कुठून शिकलात?"

ते स्टुलावर बसले.

"ठकीच्या आजीचे आहेत ते," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं. रात्रभर मी हात धरून बसलो होतो. श्वास मोजत होतो, दुसरं करणार काय? झोपेत गेली हे खोटं आहे, बाई. चांगली जागी होती. ठकीला आम्ही शेजाऱ्यांकडे पाठवलं होतं, आणि तिला काय सांगायचं ते नंतर ठरवलं. आता जन्मभर दुसऱ्यांची मरणं केली मी, पालथा पडून. पहिल्यांदा चेहरा द्यायची वेळ आली तेव्हा मला दुसरं कुठलं मरण आठवेचना. दिग्दर्शक 'कट' म्हणाले तेव्हा कुठे कळलं की मी काय केलं."

मी त्यांना पाणी दिलं.

"कापा तुम्ही," ते म्हणाले. "खरंच कापा. ती बाई बरोबर बोलली. ठकीने हे असं, एक्केचाळीस पोरांत बसून, पडद्यावर बघू नये. चेहऱ्याचं काय एवढं? पाठ तर आहे."

आणि इस्त्रीचा शर्ट सारखा करून निघून गेले. मला त्यांचा राग आला, माझा आला, मंडळाचा आला, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मंडळाचं बरोबर होतं. कुणावर तरी ओरडावं असं वाटत होतं आणि ओरडायला कुणीच चुकीचं नव्हतं.

पाठमोरा शॉट शोधायला मी मूळ चित्रीकरण उघडलं. आता आमच्यातली एक रीत सांगते. दिग्दर्शक 'कट' म्हणतो, पण कॅमेरा लगेच बंद होत नाही, आणखी दहा-बारा सेकंद चालतच राहतो. त्या तुकड्याला आम्ही शेपूट म्हणतो. संकलक पहिलं काम काय करतो, तर शेपूट तोडतो. बघतसुद्धा नाही. माझ्या हाताला तर इतकी सवय झालीय की डोळे मिटून तोडीन. मास्तरांच्या त्या दृश्याचं शेपूटही मी पहिल्याच दिवशी न बघता तोडलं होतं. आज पाठमोरा शॉट नेमका कुठे संपतो ते बघताना बोट घसरलं आणि ते शेपूट चालू झालं.

'कट!' असा आवाज येतो. मास्तर जिन्यावर तसेच मेलेले. दोन सेकंद काहीच हालचाल नाही. धंद्याची शिस्त आहे ती. मग एक डोळा उघडतो. फक्त एक. तो डोळा कॅमेऱ्याकडे फिरतो आणि मास्तर विचारतात, "जमलं का?" ती दोन्ही भावंडं, म्हणजे नट झालेली पोरं, खिदळत जिना उतरून येतात आणि त्यांच्या एकेका हाताला धरून ओढतात. मास्तर उठून बसतात, "आई आई गं, गुडघा!" म्हणतात, पोरं आणखी खिदळतात, ते उभे राहतात आणि पँट झटकतात.

मी ते अकरा सेकंद सहा वेळा बघितले. सहाव्या वेळी मला समोरचं नीट दिसेना. एकतीस वर्षांत किती मेलेल्या माणसांचं उठणं मी असं न बघता तोडून टाकलं असेल, देव जाणे.

मग मी कामाला लागले. अडतीसमधले एकवीस सेकंद काढले. ते सगळे श्वास, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते मास्तरांचे आणि त्यांच्या बायकोचे होते, त्यांवर कुणी शिक्का मारायची गरज नव्हती. पडणं ठेवलं, चेहरा ठेवला, वाक्य ठेवलं आणि वाक्यानंतर ते पोरांकडे बघतात ती नजर ठेवली. सतरा सेकंद. व्हायोलिन परत आणलं, वारा परत आणला. आणि सिनेमा संपून नावं सुरू होतात तिथे, सगळ्यांत आधी, ते शेपूट जोडलं.

घाईसाहेबांना दाखवलं. "सहा सांगितले होते," ते म्हणाले. "सतरा आणलेत. शेवटची संधी आहे, मॅडम, पोस्टरं छापून झालीत." मी शेपूट लावलं. "गुडघा!" आलं आणि घाईसाहेब फिसकन हसले. मग म्हणाले, परत लावा. मग चष्मा पुसायला लागले. "माझे वडील असेच उठायचे हो," ते म्हणाले, आणि सिनेमा तसाच मंडळाकडे पाठवायला हो म्हणाले.

तिसऱ्या वेळी मी फटीला डोळा लावला नाही. बाकावर बसून राहिले. आत एकदम पाच माणसांचं हसणं ऐकू आलं, आणि मंडळाच्या त्या थिएटरातून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. अर्ध्या तासाने अध्यक्षांनी बोलावलं. चार विरुद्ध एक. 'सर्वांसाठी'. शिक्षक विरोधात होते, पण त्यांनीही माझ्याशी हात मिळवला. माझा जीव भांड्यात पडला.

नर्स दारापर्यंत आली. "शेवट फार आवडला," ती म्हणाली. "पण एक सांगू? नावं लागली की थिएटरवाले दिवे लावतात, मुलं दाराकडे पळतात. कुणी बघेल का ते?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

म्हणून ठकीच्या वर्गाचा खेळ होता त्या सकाळी मी मुद्दाम गेले आणि शेवटच्या रांगेत, दिव्यांच्या बटणांजवळ, ठाण मांडून बसले. एक्केचाळीस पोरं, त्यांच्या बाई आणि मधल्या रांगेत मास्तर, शेजारी ठकी. एक तास अकरा मिनिटांनी मास्तरांचा चेहरा अख्ख्या पडद्यावर आला. कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला. "दिवा विझू देऊ नका." थिएटरात चिडीचूप. ठकीने आजोबांच्या बाहीला घट्ट धरलं होतं, हे मला मागूनही दिसत होतं.

सिनेमा संपला. दिवेवाल्याने बटणाकडे हात नेला, मी फटका मारून तो खाली केला. पोरं दप्तरं घेऊन उठली, त्यांच्या बाई डोकी मोजायला लागल्या.

"बसा खाली!" मी ओरडले. "सगळे! तुम्हीपण, बाई!"

माझ्या आवाजाचा काही तरी उपयोग झाला म्हणायचा. एक्केचाळीस बुडं एका दमात खुर्चीवर टेकली. आणि पडद्यावर मेलेल्या रखवालदाराने एक डोळा उघडला.

"जमलं का?"

असा कल्ला मी आयुष्यात ऐकला नाही. पोरं किंचाळली, हसली, खुर्च्यांवर चढली. ठकी खुर्चीवर उभी राहून दोन्ही हातांनी आजोबांच्या डोक्याकडे बोट दाखवत होती. "हे बघा! हे तेच आहेत! पाठसुद्धा यांचीच होती!" आणि सगळा वर्ग मास्तरांभोवती गोळा झाला. कुणी गुडघा दुखतो का विचारत होतं, कुणी परत मरून दाखवा म्हणत होतं. मास्तर पडद्याकडेच बघत राहिले होते.

वर्ग गेल्यावर मी त्यांना बाहेर गाठलं. थिएटरच्या दाराशी एक बाक आहे, त्यावर ते बसले होते. ठकी समोर उभी.

"त्र्याऐंशी वेळा पडलो, बाई," ते म्हणाले, "पण मी उठताना कसा दिसतो ते आज कळलं." त्यांचा आवाज भरून आला होता, माझाही आला असता, पण मी नाक शिंकरून वेळ मारून नेली.

ठकीने आजोबांची बाही ओढली.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही उठलात. मग आजी का नाही उठली?"

मास्तरांनी कंगव्यासाठी खिशाकडे हात नेला आणि तसाच परत आणला. मला वाटलं आता म्हणतील, झोपेत गेली, मोठी झालीस की सांगेन. मी मध्ये काहीतरी बोलणार होते. आइस्क्रीम खायचं का, असलं काहीतरी. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"कारण मी खोटं मेलो होतो, ठके. ती खरी."

"झोपेत?"

"नाही. जागी होती. मी तिचा हात धरून बसलो होतो."

ठकीने ते ऐकून घेतलं. मग थिएटरच्या काचेत लावलेल्या पोस्टरकडे, त्याच्या कोपऱ्यातल्या त्या गोल शिक्क्याकडे तिने एकदा पाहिलं आणि परत आजोबांकडे.

"मला सगळं सांगाल? त्याला किती वर्षांची असावं लागतं?"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. तिच्या वेण्यांकडे, पडलेल्या दाताच्या जागेकडे.

"नऊ," ते म्हणाले, आणि बाकावर सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.